न पाहिलेला दरबार

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत गेले, की समोर वाडा नसतो. तट आहे, बुरूज आहेत, हिरवळ आहे, कारंज्याचा हौद आहे आणि इमारती जिथे उभ्या होत्या तिथली दगडी जोती आहेत. काही वर्षांपूर्वी कोलकात्याहून आलेल्या एका अनुवादक मैत्रिणीला मी तिथे घेऊन गेले होते. तिने सरळ विचारले, “मग पेशवे राहत कुठे होते?” मी फोनवर एक चित्र काढून दाखवले: कोरीव लाकडी खांबांच्या रांगा, त्यांवर महिरपी, पांढऱ्या अंगरख्यांतली माणसे, तरुण पेशवा आणि त्याच्यासमोर इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट. “काढणाऱ्याने हे पाहिले होते ना?” तिचा पुढचा प्रश्न. “अर्थात,” मी ठोकून दिले.

ते उत्तर चुकीचे होते. त्याआधी एका लेखाचा अनुवाद करताना याच चित्राखाली मी ‘प्रत्यक्षदर्शी चित्र’ असे लिहूनही मोकळी झाले होते. ही चूक निस्तरताना जे हाती आले, ते इथे मांडते आहे.

चित्रातला प्रसंग १७९० सालचा. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज आणि मराठे यांच्यात झालेल्या तहाचा तो दरबार. पेशवे सवाई माधवराव तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. मॅलेटला या प्रसंगाचे भव्य चित्र हवे होते. त्यासाठी त्याने ज्याला हाताशी धरले तो जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला १७९१ साली, म्हणजे तहानंतर. पुढे तो पुण्यात आला. त्याने नानांची आणि पेशव्यांची चित्रे काढली, दरबारी मंडळींची आणि वाड्याची रेखाटने केली. माणसे आणि जागा त्याने पाहिली. प्रसंग पाहिला नाही.

मोठे चित्र मात्र वेल्सच्या हातून पुरे झाले नाही. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव वाड्यातून पडून वारले, आणि त्याच वर्षअखेरीस साष्टीतल्या लेण्यांवर काम करताना ताप येऊन वेल्सही गेला. त्याची रेखाटने मॅलेटकडे आली. वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी मॅलेटने पुढे लग्न केले. इंग्लंडला परतल्यावर त्याने ते काम टॉमस डॅनिअलकडे सोपवले. हे तैलचित्र १८०५ साली लंडनमध्ये पुरे झाले. आज ते टेट या संग्रहालयात आहे. १८०७ साली चार्ल्स टर्नरने त्यावरून तांब्याच्या पत्र्यावर छापचित्र केले आणि दरबार अनेक घरांत पोचला.

टॉमस डॅनिअल हे नाव माझ्या मैत्रिणीला ठाऊक होते. तो आणि त्याचा पुतण्या विल्यम भारतात आले ते कोलकात्यात; त्या शहराची बारा छापचित्रे त्यांनी तिथेच काढली. उत्तरेत आणि दक्षिणेत हिंडून त्यांनी पुढे ‘ओरिएंटल सीनरी’ ही १४४ चित्रांची मालिका प्रसिद्ध केली. १७९३ साली मुंबईत त्यांची वेल्सशी गाठ पडली. घारापुरीची आणि कान्हेरीची लेणी त्यांनी त्याच्यासोबत पाहिली. पण पुण्यापर्यंत ते आले नाहीत. म्हणजे दरबार रंगवणाऱ्याने ना तो दरबार पाहिला, ना तो वाडा.

मग चित्र खोटे का? इथे वेरूळ मदतीला येते. वेल्सच्याच रेखाटनांवरून डॅनिअलने १८०३ साली वेरूळची २४ छापचित्रे काढली. डॅनिअल वेरूळलाही गेला नव्हता. पण वेरूळ जळालेले नाही. छापचित्र हातात घेऊन कैलासाच्या अंगणात उभे राहता येते आणि मूळ व प्रत ताडून पाहता येतात. मी तसे केले. खांबांची रचना आणि मजल्यांचे प्रमाण बरेचसे जुळते. समोर बसलेली चिमुकली माणसे, सोयीच्या जागी आलेली झाडी, कडेचा अंधार हे मात्र चित्रचौकटीची शोभा म्हणून आलेले असते. थोडक्यात, इमारत वेल्सची असते आणि वातावरण डॅनिअलचे.

शब्दांचेही तसेच. त्या पुस्तकाच्या नावातच ‘हिंदू एक्स्कव्हेशन्स’ असे आहे. आत मात्र बौद्ध आणि जैन लेणीही आहेत. ‘हिंदू’ हा शब्द तेव्हाचे इंग्रज ‘इथले, हिंदुस्थानातले’ अशा सैल अर्थानेही वापरत. आज तो तसाच उचलला तर वाचक चकतो. ‘एक्स्कव्हेशन’ म्हणजे नुसते खोदकाम. आपल्या ‘लेणे’ या शब्दात दागिनाही असतो, तो तिथे गळाला.

आणखी एक गोष्ट गळाली, ती माणसाची. पुण्यातला गंगाराम चिंतामण तांबट हा चित्रकार मॅलेटकडे कामाला होता. त्याने वेरूळची आणि कार्ल्याची चित्रे काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला आणि वेल्सच्या कामातही मदत केली. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पण वेरूळच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वेल्स आणि डॅनिअल ही दोन नावे आहेत, गंगारामाचे नाही. तांब्यावर कोरून छापलेल्या पुस्तकातून तांबटाचेच नाव वगळले गेले. अनुवादकाचे नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात शोधावे लागते, त्याची सवय असलेल्या मला हे जरा जास्तच लागले.

आता पुन्हा दरबाराकडे. वाड्याला २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली. लाकडी इमले जळाले, दगड तेवढा उरला. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली. अकरा वर्षांचे अंतर पडले. त्यामुळे कॅमेऱ्याला दिल्ली दरवाजा आणि तट सापडला, महाल कधीच सापडला नाही.

म्हणून हे चित्र वाचायचे तर वेरूळने शिकवलेल्या रीतीने. चेहरे वेल्सने समोर बसवून टिपलेल्या माणसांचे आहेत, त्यांवर बराच भरवसा ठेवावा. खांब आणि महिरपी दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यातल्या लाकूडकामाशी ताडून पाहाव्यात. तो वाडा अजून उभा आहे. पण कोण कुठे बसला, उजेड कुठून आला, मॅलेट किती ऐटीत होता, हे चित्र मागवणाऱ्याच्या इच्छेने आणि लंडनच्या रिवाजाने ठरलेले आहे. तहाला जणू दोनच बाजू होत्या असे चित्र पाहून वाटते. निजामही त्या युतीत होता.

मैत्रिणीला मी नंतर पत्र लिहून चूक कबूल केली. तिने एका ओळीत उत्तर पाठवले: “म्हणजे आपल्यासारखाच. मूळ लेखकाला न भेटता त्याचे बोलणे सांगणारा.” माझ्या अनुवादाच्या पुढच्या आवृत्तीत चित्राखालची ओळ मी बदलून घेतली. आता तिथे असे आहे: ‘वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनिअल, लंडन, १८०५. प्रसंग १७९०. वास्तू १८२८ साली जळाली.’ ओळ लांबली, पण कोणी काय पाहिले आणि काय नाही, ते वाचकाला कळते.