शिलींध्रीची हिवाळी पंगत

खोडावरून डोकं खाली, शेपटी वर करून सरसर उतरणारा पक्षी दिसला, की तो शिलींध्री समजावा. सुतार पक्ष्याला ही कसरत जमत नाही. तो ताठ शेपटीचा टेकू घेतो आणि चढतो तो वरच्याच दिशेला. शिलींध्री शेपटीचा आधार घेतच नाही. एक पाय वर रोवायचा, दुसरा खाली, सगळा भार वरच्या पायावर तोलायचा आणि खालून चढणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेल्या सालीच्या फटी तपासायच्या, ही तिची रीत. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात तिच्या दोन जाती आढळतात. मखमली शिलींध्री पाठीने जांभळट निळी, कपाळावर काळी पट्टी, चोच लाल आणि डोळा पिवळा. दुसरी पोटाने विटकरी तांबडी, पाठीने निळसर राखी. तिच्या डोळ्यावरून काळी रेघ जाते. दोघीही चिमणीपेक्षा लहान.

त्यांना पाहायचं तर हिवाळ्यात. इथल्या झाडीपट्टीत धान कापून झालं, चुरणं उरकलं, की सकाळी सांदवाडीत ऊन घेत बसायला माणसांना वेळ मिळतो. पक्ष्यांचंही तेव्हा एक वेगळं चाललेलं असतं. विणीचा हंगाम नसल्याने जोड्यांच्या हद्दी सैल पडतात आणि निरनिराळ्या जातींचे पक्षी एकत्र थवा करून खाद्य शोधत फिरतात. पुढे निखार, मधे रामगंगा, मागे एखादा कोतवाल आणि खोडांची तपासणी शिलींध्रीकडे. जंगलाच्या कडेला वसलेल्या गावात असा थवा घरामागच्या मोहावर येतो, दहा-पंधरा मिनिटं प्रत्येक फांदी धुंडाळतो आणि पुढच्या झाडावर जातो. या पंगतीत प्रत्येकाचं पान वेगळं. पानांवरची अळी एकाची, हवेत उडालेला किडा दुसऱ्याचा, सालीखालचा कोळी आणि किड्यांची अंडी शिलींध्रीची.

युरोप-अमेरिकेत याच कुळातल्या पक्ष्यांची ओळख लोकांना झाली ती खिडकीबाहेर टांगलेल्या दाण्यांच्या पेटीमुळे. इंग्लंडमध्ये 1890 च्या कडक हिवाळ्यात वर्तमानपत्रांनी पक्ष्यांना खाऊ घालण्याचं आवाहन केलं आणि पुढच्या वीस वर्षांत ती तिथल्या घराघरांतली सवय झाली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या अंगणातही सूर्यफुलाच्या बिया आणि चरबीच्या वड्या टांगलेल्या असतात. शिलींध्री तिथे येते, एक बी उचलते, सालीच्या फटीत घट्ट बसवते आणि चोचीने ठोकून फोडते. उरलेल्या बिया पुढच्या दिवसांसाठी लपवून ठेवते. अशा पेट्यांवर येणारे पक्षी हिवाळाभर मोजायचे, हा उपक्रम 1976 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सुरू झाला आणि 1987-88 च्या हिवाळ्यात तो सगळ्या उत्तर अमेरिकेत पसरला. तिथे बर्फाने खोडं झाकली, की माणसाने ठेवलेले दाणे हाच पक्ष्यांचा मोठा आधार.

चंद्रपूरला हे गणित उलटं आहे. इथल्या पक्ष्यांचा कठीण काळ मे महिन्यात येतो. पारा 45 अंशांच्या वर जातो आणि नाल्यांची पात्रं कोरडी पडतात. म्हणून इथल्या माणसाने पक्ष्यांसाठी काही टांगलं, तर ते पाण्याचं परळ असतं, आणि तेही उन्हाळ्यात. धान्य टाकायची रीतही जुनीच. शेजारच्या छत्तीसगडमध्ये तर नव्या धानाच्या लोंब्यांची झालर विणून दारावर बांधतात आणि तिच्यावरचे दाणे चिमण्यांसाठी सोडून देतात. पण तांदूळ-धान हे चिमणीचं, मुनियेचं, कबुतराचं खाणं. अंगणात टाकलेल्या दाण्यांकडे शिलींध्री ढुंकूनही पाहत नाही. तिला हवं असतं ते जुनं, खरखरीत, फटी पडलेलं खोड आणि त्यात एखादी ढोली. तेव्हा या दोन जिल्ह्यांत शिलींध्रीला कोणी काय खाऊ घातलं, हे शोधायचं तर जुन्या झाडांचं काय झालं, हेच शोधावं लागतं.

या मुलखातल्या पक्ष्यांची लेखी नोंद सुरू झाली ती दुसऱ्याच कामासाठी आलेल्या माणसांच्या हातून. व्हॅलेंटाइन बॉल हा भूगर्भशास्त्रज्ञ. कोळशाचे आणि खनिजांचे थर शोधत तो मध्य भारतातल्या जंगलांतून वर्षानुवर्षं हिंडला. राजमहालच्या टेकड्यांपासून गोदावरीच्या खोऱ्यापर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यातल्या पक्ष्यांची यादी त्याने 1878 मध्ये पक्षीतज्ज्ञ ह्यूमच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. त्यानंतर सत्तावन्न वर्षांनी, 1935 मध्ये, नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या डि’अब्र्यू यांनी मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची सूची मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून तेव्हाचा चांदा जिल्हा, तोही याच प्रांतातला. मराठी वाचकाच्या हाती मात्र हे ज्ञान आलं ते मारुती चितमपल्ली यांच्यामुळे. सोलापुरात जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने विदर्भाच्या जंगलात नोकरीची वर्षं काढली, गोंड आणि ढीवर माणसांकडून पक्ष्यांच्या सवयी ऐकल्या, टिपल्या आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. 2025 च्या जूनमध्ये त्यांचं निधन झालं. ज्यांच्याकडून ते शिकले त्यांच्यापैकी बहुतेकांची नावं कुठल्याच सूचीत नाहीत, ही गोष्ट मनाला लागते. बॉल आणि डि’अब्र्यू यांनाही वाट दाखवणारं, झाडावर चढून घरटं दाखवणारं कोणीतरी असणारच.

आता झाडांकडे. 1861 मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि त्याच सुमारास तिथलं वनखातंही उभं राहिलं. 1878 च्या कायद्याने राखीव जंगलांची चौकट पक्की झाली. चांद्याच्या सागाला मागणी मोठी. इमारतींना लाकूड हवं होतं, रेल्वेला स्लीपर हवे होते. जंगलाचे तोडणीसाठी कूप पडले, आराखडे आखले गेले आणि प्रत्येक झाडाची किंमत त्याच्या सरळ, भरीव खोडावरून ठरू लागली. पोकळ, वाकडं, वय झालेलं झाड या हिशेबात निरुपयोगी होतं. ते जागा अडवतं, म्हणून विरळणीत पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडायची. शिलींध्री स्वतः ढोली कोरत नाही. फांदी तुटून पडलेलं भोक किंवा सुताराने सोडलेलं घर ती घेते. विटकरी पोटाची शिलींध्री तर ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून आपल्यापुरतं लहान करून घेते, म्हणजे साळुंकी किंवा पोपट आत शिरत नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तिथे पिल्लं वाढतात. निरुपयोगी ठरवून तोडलेल्या प्रत्येक खोडाबरोबर एक घर आणि हिवाळाभराचं अन्न गेलं, याची नोंद कुठल्याच वहीत होणार नव्हती.

1974 मध्ये महाराष्ट्राचं वनविकास महामंडळ स्थापन झालं आणि हा हिशेब आणखी नेटाने राबवला गेला. मिश्र जंगल तोडून तिथे सागाची लागवड, हे त्याचं प्रमुख काम. चंद्रपूर-गडचिरोलीत असे पट्टे अनेक आहेत. एकाच वयाची, ओळीत उभी झाडं लांबून हिरवीगार दिसतात, पण तरुण सागात ढोली नसते. येन, बिजा, मोई, सालई अशी वेगवेगळ्या सालीची झाडं शेजारी-शेजारी असली, की प्रत्येकावर वेगळा किडा वाढतो. एकट्या सागाच्या रोपवनात शिलींध्रीचं पान अर्धं रिकामं राहतं. महसूल मिळाला हे खरं, पण तो कशाच्या बदल्यात मिळाला हेही त्याच पानावर मांडायला हवं होतं.

या सगळ्यातून एक झाड मोठ्या संख्येने वाचलं. मोह. गोंड आणि माडिया माणूस शेतासाठी जंगल साफ करतानाही मोह उभा ठेवतो. फूल खायला, टोळीचं, म्हणजे बीचं, तेल दिव्याला आणि जेवणात, दारू देवाला आणि पाहुण्याला. लग्नात मोहाची डहाळी लागतेच. निस्तार हक्कांमुळे गावाला जंगलातून सरपण, बांबू, अवजारांचं लाकूड मिळत होतं, आणि मोहाच्या झाडावर तर घराण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या मानला जात होता. त्यामुळे शेताच्या धुऱ्यावर, घरामागे, गावाच्या शिवेवर शंभर-शंभर वर्षांचे मोह राहिले. त्यांची साल भेगाळ, फांद्या मोडलेल्या, आत ढोल्या. माणसाने पोटासाठी जपलेल्या या झाडांवर शिलींध्रीचाही निभाव लागला.

मोहाबद्दल एक काळजीचीही गोष्ट आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात आणि ती वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायची रीत आहे. आग आवरली नाही, तर पोकळ खोड आतून पेटतं आणि कित्येक दिवस धुमसत राहतं. नेमकी तेव्हाच ढोलीत पिल्लं असतात. अलीकडे काही गावांनी झाडाखाली जाळी बांधून फुलं गोळा करायला सुरुवात केली आहे. फुलाला माती लागत नाही, भाव चांगला मिळतो आणि आगही लावावी लागत नाही.

जंगलातल्या झाडांना संरक्षण मिळालं ते तुकड्यातुकड्याने. ताडोब्यात 1935 मध्ये शिकार बंद झाली आणि 1955 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आलापल्लीजवळचा सहा हेक्टरांचा एक तुकडा वनखात्यानेच 1953 पासून न तोडता राखला. 2014 मध्ये ‘वनवैभव आलापल्ली’ या नावाने तो राज्याचा पहिला जैवविविधता वारसा ठरला. तिथे पडलेलं झाडही उचलत नाहीत. ते जागीच कुजतं, त्यात भुंगेरे वाढतात आणि त्यांच्यामागे पक्षी येतात. एका जिल्ह्याच्या जंगलापुढे सहा हेक्टर म्हणजे काहीच नाही, पण तोडणी झाली नसती तर जंगल कसं दिसलं असतं, याचा पुरावा तेवढ्याच जागेत शिल्लक आहे. चंद्रपुरातलं कन्हाळगाव अभयारण्य तर बव्हंशी महामंडळाच्याच जमिनीवर झालं. तिथल्या रोपवनात ढोल्या तयार व्हायला अजून काही दशकं जावी लागतील.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने वेगळा रस्ता धरला. जंगल आपलं मानून तिथल्या माडिया-गोंड ग्रामसभेने ते राखायचे नियम स्वतःच केले. मध काढताना पोळं नष्ट करायचं नाही, फळासाठी झाड तोडायचं नाही, असं एकमताने ठरवलं. 2009 मध्ये मेंढा आणि मर्दा या गावांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले, आणि अशी ती देशातली पहिली गावं. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगल आलं. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. या ग्रामसभा आता आपापल्या जंगलाचे आराखडे करतात. कुठला बांबू कधी काढायचा, तेंदूपान कोणाला विकायचं, कुठे काहीच तोडायचं नाही, हे त्यात लिहिलं जातं. पोकळ मोह, वठलेला येन, सुताराने कोरलेली सालई यांची मोजणीही त्यात येऊ शकते. गावातल्या जुन्या माणसांना अशी झाडं कुठे आहेत हे तोंडपाठ असतं, आणि 2013 पासून दर फेब्रुवारीत भारतातही चार दिवस अंगणातले पक्षी मोजले जातात. तो महिना शिलींध्री ढोली शोधायला लागण्याचाही असतो.