'दुखतंय का?' या प्रश्नाचा इतिहास

मंडळी, या शनिवारचा विषय जरा वेगळा आहे. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचं दुखणं मोजायचं कसं, आणि त्यात मोबाईल-कॉम्प्युटरचा खरंच काही उपयोग होतो का? आमच्या धंद्यातल्या माणसांकडे याचं उत्तर तयारच असतं, 'एक अ‍ॅप बनवू'. (दोन चहांत डिझाइनही तयार!) पण दुखणं मोजायच्या खटाटोपाला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. तो वाचला की लक्षात येतं, गोम मोजपट्टीत कमी आणि विचारण्यात जास्त आहे.

उदाहरणाला आमचं राळेगावच घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, चहूकडे कापूस. शाळेच्या मैदानावर लंगडणाऱ्या तेरा वर्षांच्या पोराला विचारा, "काय रे, पाय दुखून रायला का?" उत्तर ठरलेलं, "नाही सर, काई नाही." हे 'काई नाही' कुठून येतं ते कळलं, तर पुढचं सगळं सोपं आहे.

सुरुवात यंत्रापासून करू. 1940 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हार्डी, वुल्फ आणि हेलन गुडेल या तिघांनी दुखण्याचं मीटर बनवलं. कपाळावर काळी शाई लावायची, त्यावर दिव्याचा झोत टाकायचा आणि कितव्या पातळीला दुखायला लागतं ते टिपायचं. बरं, कपाळ कुणाचं? बऱ्याचदा त्यांचं स्वतःचंच! त्यांनी दुखण्याचं एककही ठरवलं, 'डोल'. साडेदहा डोल म्हणजे कमाल. तापमानासारखं दुखणंही आकड्यात येणार असं वाटलं होतं. पण दुसऱ्या प्रयोगशाळांत ते आकडे तसेच येईनात आणि डोल मागे पडला.

याच काळात हेन्री बीचर नावाचा अमेरिकन भूलतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होता. मोठमोठ्या जखमा झालेल्या सैनिकांना तो विचारायचा, वेदनाशामक हवंय का? बहुतेक जण चक्क नको म्हणायचे. त्याने हे 1946 मध्ये छापलं आणि कारणही सुचवलं. या सैनिकांच्या लेखी जखम म्हणजे घरी जायचं तिकीट होतं. तेवढीच जखम गावातल्या हॉस्पिटलात झाली असती, तर ती आपत्ती ठरली असती. म्हणजे दुखणं फक्त जखमेवर ठरत नाही, त्या जखमेचा अर्थ काय लागतो यावरही ठरतं.

आता हे उलटं करून मैदानावर आणा. सैनिकासाठी जखम म्हणजे सुटका, आणि आपल्या पोरासाठी म्हणजे संघातून बाहेर!

पुढे डॉक्टरांनी यंत्राचा नाद सोडला आणि माणसालाच विचारायला सुरुवात केली. कागदावर दहा सेंटिमीटरची रेघ, एका टोकाला 'अजिबात नाही', दुसऱ्या टोकाला 'असह्य', मधे खूण करा. ही रेघ मुळात 1920 च्या दशकात कामगारांची प्रतवारी लावायला वापरत होते, 1970 च्या दशकात ती दुखण्याची पट्टी म्हणून रूढ झाली. 1975 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅकने वेगळीच वाट धरली. त्याच्या प्रश्नावलीत दुखण्याचे 78 शब्द होते, 20 गटांत लावलेले. कारण 'किती' दुखतंय इतकंच 'कसं' दुखतंय हेही डॉक्टरला हवं असतं. आपल्याला हे नवीन नाही. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, ठसठस वेगळी आणि मुका मार तर त्याहून वेगळा. 'दहापैकी सहा' म्हटलं की हे सगळं सपाट होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर, लॉसी कॉम्प्रेशन!

लहान मुलांना आकडे जमत नाहीत, म्हणून 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टल्साच्या एका हॉस्पिटलात डोना वाँग आणि कोनी बेकर यांनी सहा चेहऱ्यांची पट्टी केली. पहिला हसरा, शेवटचा रडका. तुम्ही दवाखान्याच्या भिंतीवर पाहिली असेल. पण रडत नसलेल्या पोराने रडका चेहरा का निवडावा? चेहऱ्यावर दुखणं दिसतंय की दुःख? म्हणून 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात हसू आणि अश्रू दोन्ही काढून टाकलेली चेहऱ्यांची दुसरी पट्टी आली, आणि 2001 मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती. प्रश्न तोच, पण चित्र बदललं की उत्तर बदलू शकतं. आपल्याकडे यूजर इंटरफेसवर वाद घालतात ते उगाच नाही.

आता फुटबॉलकडे येऊ. वाढत्या वयातली मुलं म्हणजे मोठ्यांची छोटी आवृत्ती नव्हे. 1903 मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी, एकमेकांना न कळता, गुडघ्याच्या एकाच दुखण्याचं वर्णन केलं. वाटीखालचा स्नायूबंध नडगीच्या हाडाला जिथे जोडलेला असतो, तिथलं हाड या वयात अजून पक्कं झालेलं नसतं. उड्या, धावणं, किक यांनी तिथे सतत ओढ बसते, टेंगूळ येतं आणि दुखतं. टाचेतलं असंच दुखणं 1912 मध्ये जेम्स सेव्हरने नोंदवलं. ही दुखणी एका धक्क्यात होत नाहीत, हळूहळू चढतात. घरी म्हणतात, "हाडं वाढून रायली, दुखणारच." त्यात थोडं तथ्य आहे, पण खेळ वेळेवर कमी केला तर बरं होणारं दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं, तेही यामुळेच.

आणि इथेच जुनी नोंदवही कमी पडते. दुखापत कधी धरायची? बहुतेक ठिकाणी खेळाडूचा सराव किंवा सामना बुडला की. ऑसगुड-श्लाटरवाला पोरगा सामना बुडवतच नाही! तो लंगडत खेळतो, म्हणून नोंदीत ठणठणीत असतो. लॉगमध्ये एरर नाही म्हणजे सिस्टीम बरी चाललीय असं समजण्यासारखंच हे.

2013 मध्ये ऑस्लोच्या बेन क्लार्सन आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. 'दुखापत झाली का?' असं विचारायचंच नाही. दर आठवड्याला ईमेलवरून गुडघा, खांदा, कंबर अशा एकेका भागाबद्दल चारच प्रश्न. त्या भागाच्या त्रासामुळे खेळायला अडचण आली का? सराव कमी करावा लागला का? खेळ खालावला का? दुखलं किती? पाच खेळांतल्या 313 खेळाडूंवर 13 आठवडे हे चाललं. जुन्या पद्धतीने अतिवापराच्या 40 दुखापती सापडल्या, नव्या पद्धतीने असे 419 त्रास. खेळाडू तेच, आठवडे तेच, फक्त विचारणं वेगळं.

मग यात डिजिटलचं काय? कागदावर नसतं का जमलं? याचं उत्तर 2002 च्या एका मजेशीर प्रयोगात आहे. जुनाट दुखणं असलेल्या 40 रुग्णांना कागदी डायऱ्या दिल्या, फाइलमध्ये गुपचूप प्रकाश ओळखणारा सेन्सर बसवून. रुग्णांच्या नोंदींप्रमाणे 90 टक्के पानं वेळेवर भरलेली. सेन्सरप्रमाणे प्रत्यक्षात 11 टक्के! बाकीची वेळेवर भरलेलीच नव्हती. (टाइमशीट आठवली ना?) हातातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर नोंद करणाऱ्यांचं प्रमाण मात्र 94 टक्के निघालं. यंत्राला दुखणं जास्त कळतं असं नाही, पण आज आजच आहे एवढं त्याला कळतं. मागाहून आठवलेलं दुखणं वेगळंच असतं, त्यामुळे हा फायदा छोटा नाही.

पण टाइमस्टॅम्पने उशीर पकडता येतो, भीती नाही. विदर्भात हे जास्त जाणवतं. 2001 मध्ये नागपूरला विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांचं फुटबॉल सुरू केलं, 2022 च्या 'झुंड'मुळे ते सगळ्यांना माहीत झालं. अशा पोरांसाठी संघातली जागा म्हणजे प्रवास, बूट, ओळख, कधी पुढच्या शिक्षणाची वाट. 2017 आणि 2022 चे सतरा वर्षांखालचे विश्वचषक सामने नवी मुंबईत झाले, म्हणजे ती स्वप्नं आता टीव्हीपुरती राहिलेली नाहीत. एवढं पणाला लागलेलं असताना 'दहापैकी आठ' टाइप करायची छाती कुणाची? नोंद वाचणारा आणि संघ निवडणारा माणूस एकच असेल, तर कितीही सुंदर अ‍ॅपमध्ये 'काई नाही'च येणार.

तर राळेगावात हे करायचं झालं तर काय लागेल? माझ्या मते नवं अ‍ॅप नकोच. रविवारी संध्याकाळी घरच्या मोबाईलवर चार प्रश्न, वऱ्हाडीत, बोलून उत्तर देता येईल असे. उत्तर वाचणारा निवड समितीच्या बाहेरचा, एखादी आरोग्यसेविका किंवा दुसऱ्या विषयाच्या बाई. आईबापांची संमती आधीच घेतलेली, कारण 2023 चा डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या मुलांसाठी ती मागतोच. आणि एक नियम सगळ्यांसमोर जाहीर: दुखतंय म्हणून सांगितलं तर सराव कमी होईल, जागा जाणार नाही. हा शेवटचा नियम कोडमध्ये लिहिता येत नाही, तो सरांनीच पाळायचा. पण तो नसेल तर बाकीचं सगळं डोलच्या यंत्रासारखं आहे, आकडे नेमके आणि उपयोग शून्य.

असो. तुमच्याकडे दुखण्याला कोणकोणते शब्द आहेत ते जरूर कळवा. मेल्झॅकच्या 78 ला मराठी सहज मागे टाकेल अशी माझी खात्री आहे.