कादंबरीचा चित्रपट होतो तेव्हा : लेखकाची नाराजी आणि लेखकाचा हक्क

प्रस्तावना

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना बौद्धिक संपदा हक्क हा विषय शिकवतो. पेटंटचे प्रकरण मुले मन लावून ऐकतात. कॉपीराइट आले की निम्मा वर्ग मोबाइलकडे वळतो. मग मी 'थ्री इडियट्स'चे नाव काढतो. हा चित्रपट 2009 मध्ये आला. तो चेतन भगत यांच्या 2004 मधील 'फाइव्ह पॉइंट समवन' या कादंबरीवर आधारित होता. आपले नाव सुरुवातीच्या श्रेयनामावलीत न देता शेवटी सरकत्या नावांमध्ये टाकले, अशी लेखकाची तक्रार होती. नाव करारात ठरले होते तिथेच दिले आहे, असे निर्मात्यांचे उत्तर होते. वर्गात लगेच दोन तट पडतात.

हा वाद मात्र नवा नाही. साहित्यकृतीवर चित्रपट निघाला की कोणी काय आक्षेप घेतला आणि कायद्याने लेखकाला काय दिले, हे या पाठात काही उदाहरणांवरून पाहू.

1. 'गाइड' : लेखणीने नोंदवलेली नाराजी

आर. के. नारायण यांची 'द गाइड' ही इंग्रजी कादंबरी 1958 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1960 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. कथा घडते मालगुडी या काल्पनिक दक्षिणी गावात. चित्रपट करायचे ठरल्यावर नारायण यांनी मंडळींना म्हैसूरच्या परिसरातील ठिकाणे हिंडून दाखवली. चित्रण मात्र राजस्थानात, उदयपुरात झाले. कादंबरीच्या शेवटी उपोषण करणाऱ्या राजूला डोंगरात पाऊस आल्यासारखे वाटते; पाऊस खरोखर आला की नाही, हे लेखक वाचकावर सोडतो. विजय आनंद दिग्दर्शित हिंदी चित्रपटात (1965) मुसळधार पाऊस पडतो आणि राजूचा मृत्यूही स्पष्ट दिसतो.

प्रेक्षकांनी 'गाइड' डोक्यावर घेतला. उत्कृष्ट कथेचा फिल्मफेअर पुरस्कार खुद्द नारायण यांनाच मिळाला. तरीही त्यांची नाराजी गेली नाही. 'मिसगाइडेड गाइड' या लेखात त्यांनी ती खास आपल्या मिस्किल शैलीत मांडली. कादंबरी न वाचलेल्या लाखो लोकांना मात्र 'गाइड' म्हणजे चित्रपटच आठवतो.

2. 'चारुलता' : लेखक नसताना वाचकांचा पहारा

रवींद्रनाथ ठाकूर यांच्या 'नष्टनीड' (1901) या दीर्घकथेवर सत्यजित राय यांनी 1964 मध्ये 'चारुलता' काढला. रवींद्रनाथांचे निधन 1941 मध्येच झाले होते, त्यामुळे जाब विचारायला लेखक नव्हता. ते काम बंगाली वाचकांनी केले. कथेत शेवटी भूपती म्हैसूरला वृत्तपत्राच्या कामासाठी निघतो. चित्रपट संपतो तो एकमेकांकडे येणाऱ्या, पण न जुळलेल्या दोन हातांच्या स्थिर चित्रावर. असे बदल करण्याचा अधिकार दिग्दर्शकाला कोणी दिला, असा प्रश्न अशोक रुद्र यांनी उपस्थित केला. राय यांनी बंगालीत सविस्तर लेख लिहून, कोणता बदल का केला हे समजावून सांगितले. शब्दांत सांगितलेले मन पडद्यावर कृतीतून दाखवावे लागते, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता.

3. मन्नू भंडारी : एकच लेखिका, दोन चित्रपट

हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या 'यही सच है' या कथेवर बासु चटर्जी यांनी 'रजनीगंधा' (1974) काढला. कथेतली कानपूर आणि कलकत्ता ही शहरे चित्रपटात दिल्ली आणि मुंबई झाली. निशीथचा नवीन झाला. पण दोन पुरुषांमध्ये दोलायमान असलेल्या नायिकेचे मन तसेच राहिले. लेखिकेची तक्रार नव्हती. पुढे दूरदर्शनच्या 'रजनी' मालिकेसाठी त्यांनी चटर्जींबरोबर कामही केले.

'आपका बंटी' (1971) या कादंबरीचा अनुभव उलटा आला. आईवडिलांच्या घटस्फोटात चेपला जाणारा मुलगा हा या कादंबरीचा विषय. तिच्यावरून 'समय की धारा' तयार झाला. पात्रे, संवाद आणि शेवट यांची मोडतोड झाली आहे, असे सांगत लेखिका न्यायालयात गेल्या. चित्रपटासाठी काही फेरफार करण्याची मुभा करारात होती, आणि निर्मात्यांचा भर त्यावरच होता. 1986 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की ही मुभा कादंबरीचे चित्रपटात रूपांतर करण्यापुरती आहे; मूळ कृती विकृत करण्याचा परवाना तीतून मिळत नाही. पुढे तडजोड झाली आणि चित्रपटाशी लेखिकेचे व कादंबरीचे नाव जोडायचे नाही, असे ठरले.

4. कलम 57 काय सांगते?

या खटल्याचा आधार होता कॉपीराइट कायदा, 1957 मधील कलम 57. त्याचे दोन भाग लक्षात ठेवा. पहिला : हक्क विकल्यानंतरही 'ही कृती माझी आहे' असे सांगण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. दुसरा : कृतीची विकृती किंवा मोडतोड झाल्यास ती रोखण्याचा किंवा भरपाई मागण्याचा अधिकारही त्याच्याकडेच राहतो. 1994 च्या दुरुस्तीनंतर, त्या मोडतोडीमुळे लेखकाच्या सन्मानाला किंवा प्रतिष्ठेला बाधा पोहोचते, हेही दाखवावे लागते.

आता पुन्हा 'थ्री इडियट्स'कडे पाहा. भगत यांना आपले नाव ठळक दिसायला हवे होते. मन्नू भंडारी यांच्या प्रकरणात तडजोड झाली ती नाव काढण्यावर. मागण्या उलट्या दिसल्या, तरी दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : या चित्रपटावर माझे नाव कसे आणि कशासाठी वापरले जाते? कथेचे हक्क पैसे घेऊन देता येतात, पण तिच्याशी जोडलेले नाव लेखकाजवळच राहते.

सारांश

बदल झाला म्हणून प्रत्येक लेखक रागावतो, असे नाही. शहर, नाव, प्रसंग बदलूनही 'रजनीगंधा' लेखिकेला आपली वाटली. कथेचा गाभा बदलतो आणि वर लेखकाचे नाव तसेच राहते, तेव्हा भांडण सुरू होते. प्रेक्षकांची पसंती हा वेगळा मुद्दा आहे. 'गाइड' लोकांना आवडला, म्हणून नारायण यांची तक्रार चुकीची ठरत नाही. आणि त्यांनी तक्रार केली, म्हणून चित्रपट वाईटही ठरत नाही.

माझ्या वर्गातली मुले उद्या सॉफ्टवेअर लिहितील, यंत्रांचे आराखडे काढतील. कामाचे हक्क बहुधा कंपनीकडे जातील. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी आपले नाव कुठे, कसे येणार आहे आणि कामात बदल कोण करू शकतो, ही दोन कलमे नीट वाचायची सवय त्यांनी आत्ताच लावून घ्यावी.

विचार करा

1. लेखक हयात नसताना त्याच्या कृतीच्या बाजूने कोणी बोलावे : वारसांनी, वाचकांनी की कोणीच नाही?
2. तुम्ही वाचलेले एखादे पुस्तक आणि त्यावरचा चित्रपट घ्या. त्यातील तीन बदल लिहा आणि प्रत्येक बदल माध्यमाची गरज होता की गाभ्याला धक्का, ते कारणासह सांगा.