मराठी कुमारकथेतील चुकणारा मुलगा

वसंतातील व्याख्यानांचे विषय म्हटले म्हणजे संतवाङ्मय, स्वराज्य, राज्यघटना असे भारदस्त असावेत, अशी आपली समजूत असते. त्या पंक्तीत मुलांच्या हसऱ्या गोष्टींना पाट मांडणे काहींना पोरकटपणाचे वाटेल. परंतु एखादा समाज आपल्या मुलांच्या चुकांकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे त्याच्या कायद्यांपेक्षा त्याच्या गोष्टींतून अधिक कळते. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

होटगीस तो समजावून सांगणे सोपेही आहे. हे जंक्शनचे गाव. मुंबईहून मद्रासकडे जाणारा रुंद रूळ आणि विजापूर-गदगकडचा मीटर रूळ १८८० च्या दशकापासून ह्या शतकाच्या आरंभापर्यंत येथे भेटत होते. वाडीकडून येऊन विजापूरला जाणाऱ्याने येथे उतरायचे, बोचकी उचलायची आणि दुसरी गाडी धरायची. बारा ते सोळा हे वयही असेच आहे. एक रूळ संपलेला असतो, दुसऱ्या रुळावरची गाडी अजून लागलेली नसते. अशा वेळी माणूस चुकीच्या डब्यात चढतो, कधी गाडीच चुकते. त्याला पुढची गाडी मिळते की नाही, एवढाच प्रश्न असतो. मराठी कुमारकथेचा इतिहास म्हणजे ह्या प्रश्नाला हळूहळू मिळत गेलेल्या उत्तराचा इतिहास होय.

आपल्या जुन्या वाङ्मयात मुलाच्या खोडीला जागा नव्हती असे नाही. गौळणींमध्ये कृष्ण लोणी चोरतो, मडकी फोडतो, यशोदेकडे तक्रारी येतात आणि ऐकणारा हसतो. ही मोकळीक छापील पुस्तकात मात्र आली नाही. कारण उघड आहे. मराठी छापील पुस्तक जन्मले ते शाळेच्या ओसरीवर. सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांचे ‘बाळमित्र’ १८२८ मध्ये निघाले. मूळ लेखक बेर्कें हा फ्रेंच; त्याचे लेखन इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आले. छत्र्यांनी त्याच वर्षी इसापच्या नीतिकथाही दिल्या. हे काम मोठेच होते, त्याचे ऋण आम्ही मानतो. परंतु त्या गोष्टींतील मुलगा हा धड्याचा नोकर आहे. चांगला असेल तर बक्षीस घेतो, वाईट असेल तर पस्तावतो, आणि तात्पर्य सांगून झाले की त्याला रजा मिळते. पस्तावल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याने काय केले, हे कोणी विचारत नाही. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे ह्यांनी मुलांसाठी मासिक काढले आणि त्याचे नाव ‘आनंद’ ठेवले, तेव्हा वारा बदलू लागला. मुलांच्या वाचनाचा हेतू आनंद असू शकतो, हे त्या नावानेच जाहीर झाले.

खरा पालट सानेगुरुजींनी केला. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ आपण रडण्याचे पुस्तक म्हणून लक्षात ठेवली आहे. थोडे निराळे पाहिले तर ते चुकांचे पुस्तक आहे. बेचाळीस रात्रींत श्याम पुन्हा पुन्हा आपल्या चुका सांगतो. पोहायला जायचे नाही म्हणून तो लपून बसतो. आई त्याला शिंपटीने झोडपून विहिरीवर धाडते. पण प्रकरण तेथे संपत नाही. पोहून आल्यावर तीच आई त्याला जवळ घेते. मुलगा ‘भित्रा’ म्हणून कायमचा नोंदला जात नाही, तो त्याच दिवशी धीट होऊ शकतो. अळणी भाजीची गोष्ट तर ह्याहून बोलकी आहे. तेथे चुकते ती आई. भाजीत मीठ नाही, आणि वडील त्याविषयी एक शब्द न बोलता जेवून उठतात. क्षमा ही मोठ्यांनी लहानांना करावयाची मेहरबानी नसून घराची रीत आहे, हे मुलाला त्या पानावर कळते. अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडणाऱ्या शिक्षकालाच हे सुचावे, ह्यात नवल नाही.

श्यामला क्षमा मिळाली ती अश्रूंतून. हसत हसत क्षमा मिळाली ती ना. धों. ताम्हणकर ह्यांच्या ‘गोट्या’ला. गोट्या हा पोरका मुलगा. एका घराने त्याला आपला म्हटलेला. अनाथ मुलगा म्हटला की त्या काळी वाचक पदर डोळ्यांना लावायच्या तयारीतच असे. ताम्हणकरांनी त्याला हसायला लावले. गोट्याचे मन चांगले आणि हात उतावळे. भले करायला जावे आणि घोटाळा होऊन बसावा. घर रागावते, हसते आणि पुन्हा त्याच्यावर विश्वास टाकते. जगाच्या वाङ्मयात ह्याची नातलग शोधायची तर १९०८ साली कॅनडात जन्मलेली ल्युसी मॉड माँटगोमेरीची ॲन आठवते. शेतावर मुलगा हवा होता आणि चुकून मुलगी आली. तरीही ती राहिली. दोन्हीकडे दुसरी संधी मिळते ती एका व्यक्तीला नाही, सबंध घराला मिळते. मूल सुधारता सुधारता मोठी माणसेच शहाणी होतात.

पुढे भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे आला. फुरसुंगीचा हा पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि वर्गापेक्षा सायकलवर अधिक शोभतो. खेड्यातून शहराच्या शाळेत गेलेला मुलगा बुजराच असायचा, हा समज त्याने मोडला. त्याच्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. ज्यांनी तो वाचला ते जिभेने ‘ट्टॉक्’ करून उत्तर देतील.

आपल्या भागाला सर्वांत जवळचा मुलगा मात्र प्रकाश नारायण संत ह्यांचा लंपन. होटगीत जशी एका घराच्या ओट्यावर कानडी आणि मराठी एकमेकींत मिसळते, तशीच ती लंपनच्या सीमाभागातील गावात मिसळते. आईवडील आणि भावंडे एकीकडे, हा आजी-आजोबांकडे. पहिल्या पुस्तकाचे नावच ‘वनवास’. पण हा वनवास रडका नाही. लंपन आपल्याला ‘मॅड’ म्हणवून घेतो, कोणतीही गोष्ट विचित्र नेमक्या आकड्यात मोजतो, आणि त्या आकड्यांच्या आड आपले एकटेपण लपवतो. ‘शारदा संगीत’ आणि ‘पंखा’ ह्यांतून तो वाढत जातो. वडिलांच्या मृत्यूपर्यंत येतो. स्वतः संतांचे वडील, ना. मा. संत, १९४६ मध्ये वारले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. येथे तात्पर्य कोणी सांगत नाही, कारण लेखक मुलाच्या उंचीवरूनच बोलतो. आणि दुसऱ्या डावाची गोष्ट लेखकालाही लागू पडली. १९६० च्या दशकात ‘सत्यकथे’त लिहू लागलेल्या संतांचे पहिले पुस्तक आले १९९४ मध्ये. मधल्या वर्षांत ते कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवीत होते. तीस वर्षांनी लंपन परत आला तो ताजाच होता.

इतका वेळ आम्ही मुलगा, मुलगा असेच म्हणत आलो आहोत, हे श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. चुकणारी मुलगी कोठे आहे? ताम्हणकरांनी ‘चिंगी’ लिहिली; परंतु अशी नावे सहज आठवत नाहीत. ह्याचे कारण वाङ्मयात शोधून मिळणार नाही. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. ते अठरा व्हायला १९७८ उजाडले. जी चौदाव्या वर्षी सासरी गेली तिला कुमारवय होतेच कोठे? सासरी चुकणे ही खोडी नसते, तो अपराध असतो; आणि अपराधावर हसरी गोष्ट लिहिता येत नाही.

हा प्रश्न केवळ पुस्तकांचा नाही. दहावीत नापास झालेल्या मुलाला आपण पिढ्यान् पिढ्या थट्टेने ‘ऑक्टोबरचा’ म्हणत आलो. २०१५ पासून महाराष्ट्रात ती फेरपरीक्षा जुलैतच होऊ लागली, त्यामुळे वर्ष वाचवण्याची सोय झाली. सरकारने तारीख अलीकडे आणली हे चांगलेच झाले. परंतु निकालाच्या दिवशी मुलगा नापास झाला तर घर म्हणते, पुन्हा बस; मुलगी नापास झाली तर अनेक घरांत त्याच संध्याकाळी स्थळांची चर्चा सुरू होते. फेरपरीक्षा दोघांनाही सारखीच खुली असते. अर्ज भरावयाचा असतो घराने.

छत्र्यांच्या ‘बाळमित्रा’पासून लंपनपर्यंत यायला आपल्याला दीडशेहून अधिक वर्षे लागली. एवढ्या अवधीत आपण मुलाला चुकायला, हसायला आणि पुन्हा उभे राहायला परवानगी दिली. मुलीला ती द्यायला तितका काळ लागू नये. ज्या घरात ती परवानगी मिळेल त्या घरातूनच पुढची हसरी मराठी कुमारकथा निघेल, आणि ती लिहिणारी कदाचित नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसलेली एखादी मुलगीच असेल.