वादळात फुटलेली चूल: लिंपायची की नवी घालायची?

गेवराई म्हटलं की इतिहासवाले लगेच राक्षसभुवनाकडं वळतात. १७६३, थोरले माधवराव, निजाम. आज मात्र त्याच तालुक्यातली एक चूल घेतोय. आमच्या आत्याची, अंगणातली.

मे महिन्यात वळीव वाऱ्यासकट आला. छपराचा पत्रा निघून चुलीवर आपटला, वरून रात्रभर पाणी. सकाळी बघितलं तर वैलाकडची भिंत बसलेली आणि तोंडापाशी बोट जाईल एवढी भेग. आतेभाऊ म्हणाला, "लोखंडी आणू, कटकट नको." आत्या म्हणाली, "आधी वाळू दे. ओल्या चुलीचा निकाल लावत नसतेत."

आता हा वाद जुना आहे की नवा? माझ्या मते नवा. मातीच्या चुलीला "दुरुस्ती की बदल" असे दोन रस्ते कधी नव्हतेच. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८पासून डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. तिथं मातीनं लिंपलेल्या लंबगोल चुली सापडल्या. लिंपण आलं म्हणजे पुन्हा लिंपणंही आलंच की.

आपल्याकडं शेताला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढर. काळी माती भिजली की फुगते, वाळली की तडकते. नुसत्या काळीची चूल टिकत नाही. म्हणून लोक पडक्या गढीची, जुन्या भिंतींची पांढरी माती आणायचे. म्हणजे पडलेल्या घराची चूल व्हायची. इतिहासप्रेमी म्हणून गढ्या खणलेल्या बघून मला वाईट वाटतं, पण आत्याला ते सांगायची माझी हिंमत नाही.

बदलायची चूल आली ती शहाण्या माणसांकडून, आणि चांगल्या हेतूनं. बीड जिल्हा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी निर्धूर चूल तयार केली. १९५३ साली त्यावर पुस्तिकाही निघाली. एकाच जाळावर दोन-तीन भांडी, आणि धूर धुराड्यातून बाहेर. बायकांचे डोळे आणि छाती वाचवायची तर हे हवंच होतं, त्याबद्दल दुमत नाही. पुढं १९८०च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमच काढला. देशभर कोट्यवधी चुली बसल्या आणि त्यातल्या पुष्कळ बंदही पडल्या. कारण साधं आहे. धुराडं काजळीनं तुंबलं किंवा नळी फुटली, तर ते घरच्या बाईच्या हातातलं काम राहत नाही. भेग मात्र ती स्वतः बुजवते. २०१६ला उज्ज्वला योजना आली, आत्याकडं गॅस आहेच. पण पाणी तापवायला, भाकरीला आणि पाहुण्यांच्या मटणाला अंगणातली चूल लागते.

लोखंडी चुलीचीही बाजू आहे. ती लवकर तापते, उचलून नेता येते. ऊसतोडीला बिऱ्हाड हलवायचं तर तीच बरी, नाहीतर फडावर तीन दगड. पण उघड्यावर पावसात गंजते आणि पत्र्याला भोक पडलं की ती भंगारात.

चार दिवसांनी चूल वाळली. आत्यानं तळ अंगठ्यानं दाबून बघितला: घट्ट. तवा ठेवला: एका अंगाला कलला. मग निकाल झाला. बसलेली भिंत पाडायची, तळ ठेवायचा, तोंडाची भेग आधी मोठी करून मग भरायची. भेग मोठी कशाला? वरवर बुजवलं तर पहिल्याच जाळाला खपली निघते. जुना भाग पाण्यानं चांगला भिजवून, खरवडून घेतला. पाडलेली भाजकी माती कुटून नव्या मातीत घातली, सोबत भुसा आणि शेण. भाजलेली माती परत चिकट होत नाही, पण तिच्यामुळं नवी माती कमी आकसते, तडे कमी जातात. कुंभारही हेच करतात.

मग सावलीत आठवडाभर वाळवण. पहिला जाळ काटक्यांचा, अगदी बारीक. एकदम लाकडं घातली तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन चूल पुन्हा फुटते.

आतेभावानं विचारलं, "मग ही जुनी म्हणायची का नवी?" आत्या म्हणाली, "भाकर खा." पत्रा मात्र नवाच आणावा लागला, आणि या वेळी तो तारेनं आवळून बांधलाय.