ताडपत्रावरील काळा डाग

ताडपत्र आणि बुरशी हे दोन शब्द एकत्र ऐकू आले, की आपल्याकडील संशोधकाच्या मनात प्रथम विषादच उत्पन्न होतो. पोथी म्हणजे लेख आणि बुरशी म्हणजे त्या लेखाची वैरीण, अशी आमचीही समजूत होती. परंतु एक ताडपत्र असे आहे, की ज्यावर बुरशी हाच लेख होय. त्याची हकीकत वाचकांस सांगावी असा आमचा मानस आहे.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रिन्स्टन गावाजवळ, सिमिल्कमीन नदीच्या काठी, दगडी कोळसा आणि चर्ट नामक गारगोटीसारखा पाषाण यांचे थर एकाआड एक रचलेले आहेत. ते इओसीन युगातील, म्हणजे सुमारे ४ कोटी ९० लक्ष वर्षांपूर्वीचे होत. तेथील उथळ पाण्यात पडलेली पाने व फळे कुजून नाहीशी होण्यापूर्वीच सिलिकायुक्त पाणी त्यांच्या पेशींत मुरले आणि त्यांचा दगड झाला. हा दगड कापून त्याचा पृष्ठभाग हायड्रोफ्लुओरिक अम्लाने किंचित झिजवितात आणि त्यावर ॲसिटेटचा पातळ पापुद्रा चिकटवून सोलून काढतात; मग त्या पापुद्र्यावर उतरलेली पेशीरचना सूक्ष्मदर्शकाखाली वाचावयाची.

या थरांत सापडलेल्या एका ताडवर्गीय वृक्षाचे वर्णन १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यास ‘उहलिया’ असे नाव मिळाले. आपल्या पोथ्यांचे ताड आणि श्रीताड ज्या उपकुलात मोडतात, त्याच उपकुलातील हा वृक्ष. पुढे १९९८ साली करा, स्टॉकी व लपाज या संशोधकांनी त्याच्या पानांतील डांबरासारख्या काळ्या डागांचे वर्णन केले. हे डाग एका परोपजीवी बुरशीचे होते. इतकेच नव्हे, तर त्या बुरशीच्या बीजाणूंच्या कोठड्यांत दुसरीच एक बुरशी ठाण मांडून बसलेली आढळली. बांडगुळावर बांडगुळ म्हणतात, ते हेच!

या डागाची साक्ष काय? आज त्या प्रांतात ताडवर्गातील एकही वृक्ष रानात आपोआप उगवत नाही. तेव्हा मात्र तो पाइन वृक्षांच्या शेजारी वाढत होता, अर्थात तेथील हिवाळा सौम्य असला पाहिजे. हे तर निरोगी पानानेही सांगितले असते. परंतु वृक्षास रोग होता, आणि त्या रोगासही शत्रू होता, हे केवळ डागानेच सांगितले. आजही ताडवर्गाच्या पानांवर ‘सेरेनोमायसिस’ नावाच्या तशाच बुरशा वाढतात. साम्य दिसले म्हणून आजची बुरशी त्या जुनीचीच थेट वंशज, असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. तथापि ताड आणि त्याचा हा व्याधी यांचा संबंध मानवजातीहूनही कितीतरी पुरातन आहे, एवढे निश्चित.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. अखंड शिलालेख आणि स्वच्छ कागद आम्हांस प्रिय असतात. डागाळलेले पान आम्ही बाजूस सारतो. प्रिन्स्टनच्या निष्कलंक पानात एका जीवाची कथा आहे, डागाळलेल्या पानात तिघांची. मग आमच्या दप्तरांतील ओल, तेलाचे ठसे, दिव्याची काजळी यांनाही काही सांगावयाचे नसेल कशावरून?

आणि असे दप्तर आपल्या दारीही आहे. दख्खनच्या लाव्हारसाच्या थरांमधील चर्टांत, छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे व वर्धा जिल्ह्यातील नवरगाव येथे, ताडवर्गाचे अवशेष मिळालेले आहेत. बिरबल साहनी (१८९१–१९४९) यांनी या दख्खनी वनस्पतींच्या अभ्यासात आयुष्याची कित्येक वर्षे वेचली. हे दगड प्रिन्स्टनच्या दगडांहूनही जुने, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे आहेत. शेताच्या बांधावर पडलेला असा दगड खडी म्हणून फुटला, तर त्यातील लेखाची दुसरी प्रत कोठेही मिळावयाची नाही. पोथीची निदान नक्कल तरी होऊ शकत होती!