चिकित्सा समितीकडे पाठवा

समितीकडून परत आलेले विधेयक एकदा हातात घेऊन पाहावे. मूळ मसुद्यात नसलेले आणि समितीने घातलेले शब्द अधोरेखित केलेले असतात, नाहीतर त्यांच्या शेजारी समासात उभी रेघ असते. जे वगळले तिथे तारकांच्या खुणा असतात. मागे अहवाल, बैठकांचे इतिवृत्त आणि बहुमताचा निर्णय ज्यांना पटला नाही अशा सभासदांच्या भिन्न मतपत्रिका जोडलेल्या असतात. पुढे कायदा राजपत्रात छापला जातो तेव्हा या रेघा आणि तारका जातात, मजकूर एकसलग होतो. एखादे कलम कुठे अडले आणि कुणाच्या हरकतीवर बदलले हे शोधायचे असेल तर राजपत्र उपयोगाचे नाही, समितीची प्रतच काढावी लागते.

जमिनीच्या कायद्यांमागे लागलेला माणूस या प्रतींपाशी येऊन थांबतोच. ‘विधेयक संयुक्त चिकित्सा समितीकडे पाठवा’ ही मागणी महाराष्ट्राच्या विधिमंडळात विरोधी बाकांवरून अधिवेशनागणिक होते. ती वेळकाढूपणाची वाटते, आणि कधी कधी ती तशी असतेही. पण या पद्धतीचा माग जहाज, जमीन आणि घर या तीन गोष्टींच्या कायद्यांतून काढत गेले, की प्रत्येक वळणावर एकच प्रश्न भेटतो. ज्याच्या अंगावर हा कायदा पडणार आहे त्याला, तो पडण्याआधी, बोलायला वेळ मिळाला का?

पद्धत आली ब्रिटिश पार्लमेंटकडून. १८५३ च्या सनदी कायद्यानंतर कलकत्त्याच्या विधानपरिषदेने पार्लमेंटची रीत उचलली. विधेयकाचे टप्प्याटप्प्याने वाचन आणि मधे निवडक सभासदांच्या समितीकडून तपासणी, अशी ती रीत होती. परिषद प्रश्न विचारू लागली, सरकारला अडवू लागली. हे लंडनला मानवले नाही आणि १८६१ च्या कायद्याने तिचे पंख छाटले गेले. त्याच कायद्याने मुंबईला पुन्हा स्वतःची विधानपरिषद मिळाली आणि १८६२ मध्ये नाना शंकरशेट तिच्यात जाऊन बसले. समितीची चौकट टिकली, पण सभागृहात बहुमत सरकारी आणि सरकारने नेमलेल्या सभासदांचे होते. अशा सभागृहाची समिती सभागृहाहून वेगळी कशी असणार?

हे किती खरे होते ते १९०१ साली दिसले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने दख्खन आणि गुजरात पिळून निघाले होते. शेतसारा थकला होता. थकबाकीसाठी सरकारजमा केलेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण विकण्या-गहाण ठेवण्याचा हक्क काढून घेऊन द्यायची, यासाठी सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. शेतकऱ्याला सावकारापासून वाचवायचे, असे कारण दिले गेले. सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या दंग्यांनंतर हे कारण पोकळ म्हणता येत नव्हते. पण ज्याला वाचवायचे त्याला कुणी विचारले नव्हते. मे महिन्यात महाबळेश्वरला मांडलेले विधेयक ऑगस्टमध्ये पुण्यात मंजुरीला आले. घाई नको, आधी मते मागवा, अशा आशयाची दुरुस्ती फिरोजशहा मेहतांनी सुचवली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तिला पाठिंबा देत सविस्तर भाषण केले. मालकाला सरकारचे कूळ बनवणारा हा कायदा आहे, असा या मंडळींचा आक्षेप होता. गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट अध्यक्षस्थानी होते. दुरुस्ती फेटाळली गेली आणि मेहता, गोखले व त्यांचे काही सहकारी उठून सभागृहाबाहेर गेले. विधेयक अर्थातच मंजूर झाले.

सभात्यागाची ही गोष्ट गोखल्यांच्या चरित्रात वाचायला मिळते आणि तिथेच संपते. जमिनीवर मात्र ती संपलेली नाही. ती अट ‘नवी शर्त’ म्हणून राहिली. पुढे वतने खालसा झाली तेव्हा महार वतनासकट कितीतरी जमिनी याच शर्तीवर परत दिल्या गेल्या. आज सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ असा शेरा असलेली जमीन विकायला किंवा बिनशेती करायला निघालेला माणूस जिल्हाधिकाऱ्याची परवानगी मागतो, नजराणा भरतो, वर्ग-१ करून घेण्यासाठी तालुक्याच्या खेपा घालतो. त्याच्या फाइलीचे मूळ दुष्काळानंतरच्या त्या उन्हाळ्यात आहे. शर्त सगळी वाईट होती असे मी म्हणणार नाही, कारण दुबळ्याची जमीन तिने अनेकदा वाचवलीही. पण ती काय करील हे शेतकऱ्याकडून ऐकून घेण्याची वेळ होती आणि ती मुद्दाम टाळली गेली.

त्यानंतर वीस वर्षांनी मुळशीत धरण आले. टाटांच्या वीज कंपनीसाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मावळ्यांच्या जमिनी घेतल्या जात होत्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. त्या वेळच्या कायद्याने जमीनमालकाला एवढेच विचारायचे होते, की पैसे किती घेणार. जमीन घ्यायचीच कशाला, हे विचारण्याची सोय कायद्यात नव्हती. १९२३ च्या दुरुस्तीने कलम ५-अ आले आणि तीस दिवसांत हरकत घेण्याचा, जिल्हाधिकाऱ्यापुढे म्हणणे मांडण्याचा हक्क मिळाला. निर्णय सरकारचाच राहिला.

जहाजांची कथा वेगळ्या वाटेने गेली. ५ एप्रिल १९१९ ला सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. कंपनीच्या संस्थापकांत नरोत्तम मोरारजींबरोबर सोलापूरचे वालचंद हिराचंदही होते. पण आपल्याच किनाऱ्यावरचा माल आणि उतारू बहुतांशी ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर जात होते, आणि नव्या देशी कंपनीला भाडी पाडून बुडवणे त्यांना अवघड नव्हते. शिवस्वामी अय्यर यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या ठरावातून मर्कंटाइल मरीन समिती नेमली गेली आणि किनारी वाहतूक भारतीय मालकीच्या जहाजांसाठी राखून ठेवावी, असे तिने सुचवले. सरकारने त्यातले सोयीचे तेवढे घेतले. मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज १९२७ मध्ये आले. राखीव किनाऱ्याचे नाव नाही.

मग साराभाई नेमचंद हाजींनी १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात किनारा राखून ठेवण्याचे स्वतःचे विधेयक आणले आणि ते प्रवर समितीकडे गेले. समितीचा अहवाल आला. पण मतदानापर्यंत जाण्याआधी व्हाइसरॉय आयर्विननी दोन्ही बाजूंच्या कंपन्यांची परिषद बोलावली, ती १९३० च्या आरंभी निष्फळ ठरली आणि विधेयक तसेच मेले. पुढे १९३५ च्या कायद्यात ब्रिटिश कंपन्यांविरुद्ध भेदभाव करण्याला बंदीच घातली गेली. म्हणजे समितीने मान्य केलेला विचार राज्यघटनेच्या पातळीवर गाडून टाकला. तरी तो कागदावर उरला होता. १९४७ मध्ये सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या उपसमितीने तीच मागणी पूर्णत्वाने केली, १९५० मध्ये किनारा भारतीय जहाजांसाठी राखला गेला आणि १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या चौदाव्या भागात परवान्याची पद्धत पक्की झाली. समितीचे काम वाया गेले असे म्हणायची घाई करू नये, असे मला या प्रकरणावरून वाटते. २०२५ मध्ये किनारी नौवहनाचा नवा कायदा झाला आणि तो चौदावा भाग पुसला गेला.

घरांचा प्रश्न समितीच्या टेबलापर्यंत सर्वांत कमी वेळा पोचला. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि गरिबांची दाट वस्ती पाडून रस्ते रुंद झाले. मात्र पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या नेहमीच कमी पडल्या. नागरी जमीन कमाल धारणेचा कायदा १९७६ च्या फेब्रुवारीत झाला. शहरातली जादा जमीन सरकारने घ्यायची आणि तिच्यावर दुर्बलांसाठी घरे व्हायची, हा हेतू उत्तम होता. पण तेव्हा आणीबाणी होती. राजापूरचे खासदार मधु दंडवते तुरुंगात होते. मुंबईच्या पाण्यासाठी आणि झोपडपट्ट्यांसाठी रस्त्यावर उतरलेल्या आमदार मृणाल गोरे आधी भूमिगत आणि मग कैदेत होत्या. कायद्यातल्या फटी ज्यांनी दाखवल्या असत्या तेच बाहेर नव्हते. कलम २० ने सरकारला सूट देण्याचा अधिकार दिला आणि जमीन त्या फटीतून गळत राहिली. ज्या थोड्या ठिकाणी कायदा त्याच्या हेतूप्रमाणे वापरला गेला त्यात गोरेगावच्या दिंडोशीतली नागरी निवारा वसाहत आहे. मृणालताई, बाबुराव सामंत आणि सहकाऱ्यांनी झगडून मिळवलेल्या जमिनीवर सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. १९९९ मध्ये संसदेने कमाल धारणा कायदा रद्द केला आणि महाराष्ट्राने तो निर्णय २९ नोव्हेंबर २००७ पासून स्वीकारला.

संसदेत १९९३ पासून खातेवार स्थायी समित्या आल्या तेव्हा या जुन्या पद्धतीला नवे बळ मिळाले. भूसंपादनाच्या कायद्यावर ते पणाला लागले. पार्श्वभूमी आपल्याकडचीही होती. रायगडात महामुंबई सेझविरुद्ध एन. डी. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे होते आणि सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारला मत अजमावावे लागले. २००७ चे भूसंपादन विधेयक लोकसभेत मंजूर होऊनही २००९ मध्ये बारगळले. २०११ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्री जयराम रमेश यांनी नवे विधेयक मांडले आणि ते ग्रामविकासाच्या स्थायी समितीकडे गेले. अध्यक्ष होत्या चिपळूणमध्ये जन्मलेल्या आणि इंदूरहून निवडून येणाऱ्या सुमित्रा महाजन.

समितीने मे २०१२ मध्ये अहवाल दिला. खासगी कंपनीसाठी सरकारने जमीन संपादन करूच नये, अशी तिची ठाम शिफारस होती. महामार्ग, रेल्वे, खाणी असे १६ कायदे या विधेयकाच्या कक्षेबाहेर ठेवायलाही तिने विरोध केला. पहिली शिफारस सरकारने मानली नाही. खासगी प्रकल्पाला ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्के बाधितांची संमती, एवढ्यावर ते थांबले. दुसरीचा ठसा कायद्यात राहिला आणि शेवटी बाहेर उरलेल्या १३ कायद्यांखालच्या शेतकऱ्यांनाही वर्षभरात नव्या दराने मोबदला द्यायचे बंधन आले. बहुपिकी ओलिताची जमीन अपवाद म्हणूनच घ्यायची, असे कलम १० म्हणते, पण मर्यादा किती ते राज्यांवर सोपवून मोकळे होते. हा कायदा १ जानेवारी २०१४ ला लागू झाला.

वर्ष पुरे होता होता, ३१ डिसेंबर २०१४ ला, अध्यादेश निघाला. त्याने प्रकल्पांचे पाच प्रकार संमतीतून आणि कायद्याने घालून दिलेल्या सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सुटू शकतील अशी सोय केली. त्या पाचांत औद्योगिक मार्गिकांबरोबर परवडणारी आणि गरिबांसाठीची घरे होती. हे वाचून मला संताप आला होता आणि अजून येतो. शेतकऱ्याला विचारायचे नाही याची सबब म्हणून बेघराचे नाव पुढे केले गेले, एका गरिबासमोर दुसरा गरीब उभा केला गेला. अध्यादेश तीनदा काढावा लागला. राज्यसभेत बहुमत नव्हते. मे २०१५ मध्ये विधेयक ३० सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी सुमित्रा महाजनच होत्या. आणि या समितीत, एस. एस. अहलुवालियांच्या अध्यक्षतेखाली, ऑगस्टमध्ये जे घडले ते विसरण्यासारखे नाही. संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास परत आणा, अशा दुरुस्त्या सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांनीच दिल्या. ३१ ऑगस्टला अध्यादेश संपू दिला गेला. विधेयक मुदतवाढींत पडून राहिले आणि २०१९ मध्ये सोळाव्या लोकसभेबरोबर संपले.

त्या लोकसभेत साधारण चौथा हिस्सा विधेयकेच समित्यांकडे गेली होती. आधीच्या पंधराव्या लोकसभेत हे प्रमाण ७१ टक्के होते, नंतरच्या सतराव्यात १६ टक्क्यांवर आले. राज्यांची स्थिती याहून वाईट आहे. केरळ विधानसभेने १९८० पासून विषय समित्या नेमून विधेयके त्यांच्याकडे पाठवण्याची रीत पाडली. महाराष्ट्रात सभागृहाने तसे ठरवले तरच संयुक्त चिकित्सा समिती होते, नाहीतर एका अधिवेशनात मांडलेले विधेयक त्याच अधिवेशनात कायदा होऊन बाहेर पडते.

दिल्लीतल्या समितीत जे अडले ते राज्यांच्या दाराने आत आले. संसदेच्या कायद्याला राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यापुरती मुरड घालता येते. गुजरात, तेलंगण, झारखंड यांनी तसे केले आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रानेही भूसंपादन कायद्यात कलम १०-अ घातले. परवडणारी घरे, औद्योगिक मार्गिका, पायाभूत सुविधा अशा प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट देण्याचा अधिकार आता राज्य सरकारकडे आहे. अशा प्रकल्पासाठी गावाची जमीन घ्यायची ठरली, तर कुणाचे किती जाणार, कूळ आणि शेतमजूर कुठे जाणार, हे ग्रामस्थांसमोर सुनावणी घेऊन तपासण्याचा टप्पा सरकारला एका अधिसूचनेने वगळता येतो. विरोध करायचा असेल तर उरते ती १९२३ च्या कलमाच्या धर्तीवरची हरकत. ती प्राथमिक अधिसूचनेपासून साठ दिवसांत, जिल्हाधिकाऱ्याच्याच कचेरीत, लेखी द्यायची असते.